पंडिता रमाबाईंचं आडनाव

आपण आठवीत असताना मराठीच्या तासाला बाईंनी एक प्रश्न विचारला होता, पंडिता रमाबाईंचं आडनाव काय? मागच्या बाकावरून कुणीतरी पंडित असं उत्तर दिलं. दुसऱ्यानं ठामपणे रानडे सांगितलं. बाई हसल्या, उद्या शोधून आणा म्हणाल्या, तेवढ्यात घंटा झाली. तो गृहपाठ आपल्यापैकी कुणीच केला नाही.

या मेळाव्यासाठी तुकडीची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि यादी म्हणजे कॉम्प्युटरचं काम असा सगळ्यांचा समज. जुन्या हजेरीपटातली नावं एका बाजूला आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवरची दुसऱ्या बाजूला घेऊन ती जुळवायला मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. मुलगे भराभर जुळले. मुलींचे मात्र दोन ढीग पडले. एक, हजेरीपटात आहेत पण संपर्क नाही. दुसरा, ग्रुपवर आहेत पण ओळख पटत नाही. पहिल्या ढिगातल्या मुलींसाठी मी दोन दिवस शिरूरभर फोन करत होते. मग लक्षात आलं की दोन्ही ढिगांत त्याच मुली आहेत. माणसाचं नाव बदलत नाही असं गृहीत धरून मी प्रोग्रॅम लिहिला होता. संपर्क नाही म्हणून लाल रंगात आलेल्या नावांमध्ये माझंही नाव होतं.

त्या रात्री बाईंचा प्रश्न आठवला आणि तीस वर्षं राहिलेला गृहपाठ करायला घेतला.

नावांचा घोळ आपल्याला नवा नाही. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूरकडे शिरूर अनंतपाळ आहे, म्हणून आपलं ते शिरूर-घोडनदी. नदीचं नाव जोडलं की पत्र बरोबर पोचतं. केडगावचंही तसंच. एक नगरजवळचं, दुसरं दौंड तालुक्यातलं, पुण्याहून दौंडला जाणाऱ्या रेल्वेवरचं. आपण न्हावरा, चौफुला करत जातो ते हे दुसरं. रमाबाईंच्या आयुष्याची शेवटची पंचवीसेक वर्षं तिथेच गेली.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला होता, तरी ते मागे हटले नाहीत. आई लक्ष्मीबाई जे शिकल्या ते त्यांनी धाकट्या मुलीला शिकवलं. तिचं नाव रमा, म्हणजे लक्ष्मी. मुलीला आईच्याच नावाचा दुसरा शब्द मिळाला होता. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत देशभर फिरलं. रमेला भागवताचे हजारो श्लोक पाठ होते. १८७४ च्या सुमाराला दुष्काळात आईवडील दोघंही गेले. रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास पायी फिरत, अर्धपोटी राहत १८७८ साली कोलकात्याला पोचले.

तिथल्या विद्वानांच्या कानावर या मुलीची कीर्ती गेली. त्यांनी तिची संस्कृतात परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या दोन पदव्या दिल्या. ती तेव्हा वीस वर्षांची होती. देशातल्या पहिल्या दोन महिला पदवीधर कोलकाता विद्यापीठातूनच बाहेर पडल्या, पण त्याला अजून चारपाच वर्षं अवकाश होता. रमाबाईंकडे शाळेचा दाखला नव्हता, गुरू म्हणजे आई. एका अर्थानं या पदव्या हेच त्यांचं प्रमाणपत्र होतं. वडील, नवरा, जात, गाव यांतल्या कशाशीच त्यांचा संबंध नव्हता. जे येत होतं त्यावरून नाव मिळालं होतं. त्या काळच्या किती बायकांच्या वाट्याला हे आलं असेल?

बाकीच्यांचं काय होत होतं ते पाहा. कल्याणची यमुना जोशी लग्न झाल्यावर आनंदी झाली; त्याच पुढे डॉक्टर झालेल्या आनंदीबाई. कुर्लेकरांची यमुना न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आली आणि रमा झाली; त्या रमाबाई रानडे. लग्नात तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं की जुनी यमुना संपली. आपल्या वर्गातल्या त्या मुलानं रानडे असं उत्तर दिलं त्यात त्याची चूक थोडीच. एकाच काळात, पुण्यातल्या एकाच सुधारक वर्तुळात दोन रमाबाई होत्या. आमच्या कामात एकाच नावाची दोन खाती झाली की फरक कळायला पुढे काहीतरी जोडतात. इथे एकीला घराण्याचं आडनाव जोडलं गेलं, दुसरीला पदवी.

१८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी. पुढच्या वर्षी मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. १८८२ च्या सुरुवातीला मेधावींचं कॉलऱ्यानं निधन झालं. म्हणजे डोंगरे आणि मेधावी ही दोन्ही आडनावं ज्यांच्यामुळे होती ती माणसं चोविसाव्या वर्षाच्या आत त्यांच्या आयुष्यातून निघून गेली होती. उरली मुलगी आणि पदवी.

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिलं, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर तयार करण्याची मागणी केली. १८८३ साली वैद्यक शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे ते शिक्षण झालं नाही. त्या वर्षी सप्टेंबरात वाँटेज इथे त्यांनी आणि मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला. चर्चच्या नोंदीत त्या मेरी रमा झाल्या. पण नवा धर्म घेतला म्हणून सांगेल ते मुकाट्यानं ऐकायचं, हे त्यांना जमलं नाही. श्रद्धेच्या प्रश्नांवर त्या तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. साडी आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही.

१८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. पुढच्या वर्षी अमेरिकेत त्यांचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. त्याच्यावर लेखिकेचं नाव पंडिता रमाबाई सरस्वती असं होतं. नावाच्या आधी एक पदवी, नंतर दुसरी, आडनाव नाहीच. आजही मोठ्या ग्रंथालयांच्या सूचीत सरस्वती हा शब्द त्यांच्या नावाला आडनावासारखा चिकटलेला दिसतो.

मुंबईला परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी विधवांसाठी आणि मुलींसाठी शाळा सुरू केली. नाव ठेवलं शारदा सदन. शारदा म्हणजे सरस्वतीच. ख्रिस्ती झालेल्या बाईंनी आपल्या पदवीतलाच अर्थ शाळेच्या दारावर लावला होता, आणि शाळेत पहिली आलेली मुलगीही नावानं शारदा निघाली. तिथे शिकलेल्या विधवांमध्ये गोदूबाई होत्या. १८९३ साली त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्यांचंही नाव बदललं. आनंदीबाई, पुढे सगळ्यांच्या बाया कर्वे.

तोवर सदन पुण्याला हललं होतं. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, धर्मांतराचा संशय पसरला, १८९३ साली सल्लागार मंडळातल्या रानडे-भांडारकरांसारख्या मंडळींनी अंग काढून घेतलं आणि अनेक पालकांनी मुली घरी नेल्या. पंडिता ही पदवी यांना शोभत नाही असा सूर निघाला. रेव्हरंड या शब्दाशी कोटी करून रेव्हरंडा असं विटंबनेचं नावही चालवलं गेलं. त्यात विधवेला दिली जाणारी शिवी लपलेली होती. लोकांनी दिलेली पदवी लोक परत मागू शकतात, हे रमाबाईंना तेव्हा कळलं असावं. जोतीराव फुल्यांनी मात्र याच्या काही वर्षं आधी, बाप्तिस्म्यावरून गदारोळ झाला तेव्हा, त्यांची बाजू उघडपणे घेतली होती.

मला या सगळ्यात पुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इतरांनी दिलेल्या नावांशी झगडण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. त्या स्वतः नावं द्यायला लागल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, तेव्हा केडगावला घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय केली. १८९८ पासून तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन झालं, आजारी आणि वृद्ध बायकांसाठी प्रीती सदन. गावात अशा बायकांना काय शब्द वापरले जात ते आपल्याला माहीत आहे. या आवारात मात्र कुणी राहायचा पत्ता सांगितला तर तो कृपा, प्रीती किंवा मुक्ती असाच असायचा. १९०० च्या सुमाराला तिथे सुमारे दोन हजार मुली आणि बायका होत्या. शेती, विणकाम, शिवण, छपाई ही कामं त्याच करत.

शेवटची अठरा वर्षं रमाबाई बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ज्यांना सरस्वती म्हटलं गेलं त्यांनी इथे संस्कृतप्रचुर भाषा टाळली, कमी शिकलेल्या बाईला वाचता यावं म्हणून. १९१९ साली सरकारनं कैसर-ई-हिंद पदक दिलं. ते त्यांच्या नावापुढे कुणी लावत नाही. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईचं काम पुढे चालवणार होती ती. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई केडगावलाच गेल्या. भाषांतर तेव्हा हातावेगळं झालेलं होतं. १९२४ साली ते मुक्तीच्याच छापखान्यात छापून झालं.

१९८९ साली भारत सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं. त्यावर पंडिता रमाबाई एवढंच आहे. आडनाव शोधायचं तर फार लांब जावं लागतं, थेट शुक्र ग्रहावर. त्या ग्रहावरच्या मोठ्या विवरांना दिवंगत कर्तबगार स्त्रियांची नावं द्यायची असा आंतरराष्ट्रीय खगोल संघाचा नियम आहे. तिथल्या एका विवराचं नाव मेधावी आहे, ते आपल्या रमाबाईंचं. दुसऱ्या एका विवराचं नाव जोशी, ते आनंदीबाईंचं. जे आडनाव दोन वर्षांहून कमी काळच्या संसारातून आलं आणि इथे कुणाच्या लक्षात राहिलं नाही, ते तिथल्या नकाशावर आहे.

तर बाई, उत्तर असं. जन्माचं डोंगरे, लग्नानंतरचं मेधावी, ग्रंथालयात सरस्वती आणि आपल्याकडे काहीच नाही. तुम्ही आडनाव विचारलंत तेव्हा आम्ही गप्प बसलो, पण पंडिता म्हटल्यावर कोण ते आम्हा सगळ्यांना कळलं होतं.

यादीत मी दुरुस्ती केली आहे. मुलींना एकेक करून फोन केला आणि नाव कसं छापू असं विचारलं. कुणी माहेरचं सांगितलं, कुणी सासरचं, दोघींनी दोन्ही. एकीनं आडनाव नको म्हणून सांगितलं आणि कारण मी विचारलं नाही. एक बराच वेळ गप्प होती. हा प्रश्न आजवर तिला कुणी विचारलाच नव्हता. तिचं उत्तर अजून आलेलं नाही, म्हणून यादीत तिच्या नावाची जागा मोकळी ठेवली आहे. आता जुळवणी नावावरून होत नाही, हजेरी क्रमांकावरून होते. तिचा सतरा. मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर यादी आणि पेन असेल, तेव्हा आली की तिनं स्वतःच लिहावं.