हवालदार गोपाळबाबा वलंगकर : आपल्या पलटणी पूर्वजांचा माग



विहाराचा वर्धापनदिन जवळ आला की कार्यकर्ते मंडळी आमच्या मागे लागतात, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच म्हणून. आम्ही काही शिकलेसवरलेले साहित्यिक नाही. आमची हयात मुंबईच्या गिरणीत साच्यावर गेली. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचलं आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडून जे ऐकलं, तेवढीच आमची शिदोरी. चुकभूल पदरात घ्यावी ही विनंती.

यंदा लिहायचं कारण घरातलंच आहे. आमच्या आजीच्या पत्र्याच्या पेटीत एक गोल बिल्ला होता. आजी सांगायची, तो सासऱ्याचा, पलटणीतला. आम्ही लहानपणी तो गोट्या खेळताना भोज्या म्हणून ठेवायचो. पुढे अडचणीच्या दिवसांत पेटी मोडीत गेली आणि तिच्यासोबत बिल्लाही गेला. त्यावर काय कोरलं होतं, कुठली पलटण, कुठली लढाई, कुणी वाचलं नाही, कारण घरात वाचणारं कुणी नव्हतं. आता आमच्या नातवाने शाळेच्या वहीत वंशवृक्ष काढायला घेतला, तर चौथ्या पिढीवर पेन्सिल थांबली. बोर्लीत अशी एकच वही असेल असं आम्हाला वाटत नाही. म्हणून ज्या माणसाने सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी आपल्या पलटणी पूर्वजांचा हिशेब मांडून सरकारच्या पुढ्यात ठेवला, त्या गोपाळबाबा वलंगकरांचं चरित्र इथे सांगायचं ठरवलं.

गोपाळबाबा हे आपल्याच मुलखातले. महाडजवळचं रावढळ हे त्यांचं गाव. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आताचा रायगड. त्यांचा जन्म १८४० च्या सुमाराचा. माता रमाईंच्या माहेरच्या नात्यातले ते होते. रमाईंचं माहेर दापोलीजवळचं वणंद, हे आपण सर्व जाणतोच. त्या काळी महाराच्या पोराला गावात शाळा नाही, पाणवठा नाही, देवळाची पायरी नाही. वाट्याला काय, तर वेठबिगारी, मेलेली ढोरं ओढणं आणि भाकरी मागणं. या गावकीतून बाहेर पडायची एकच वाट उघडी होती, ती म्हणजे पलटण. कोकणातले, विशेषतः रत्नागिरी आणि कुलाब्याकडचे किती तरी लोक मुंबई इलाख्याच्या फौजेत शिपाई म्हणून गेले. गोपाळबाबाही त्याच वाटेने गेले आणि हवालदार झाले.

ही फौज म्हणजे काय होती, हे थोडं सांगितलं पाहिजे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगावला कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली मुंबईच्या पहिल्या पायदळ रेजिमेंटची दुसरी बटालियन पेशव्यांच्या मोठ्या फौजेशी दिवसभर लढली. तिथल्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. त्यांतल्या बावीस नावांच्या शेवटी नाक हा शब्द आहे. नाक म्हणजे आपल्या लोकांच्या नावाला लागणारी जुनी खूण. जसं सिदनाक, रायनाक. गावात ज्याला नुसतं हाडतूड करून हाक मारत, त्याचं नाव फौजेच्या हजेरीपटावर पुरतं लिहिलं जात होतं. तिथे हातात बंदूक होती, महिन्याला पगार होता, म्हातारपणी पेन्शन होती. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे पलटणीच्या शाळेत शिपायालाही शिकवत आणि त्याच्या मुलाबाळांनाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार अशाच लष्करी शाळेचे हेडमास्तर होते आणि आजोबा मालोजी हेही शिपाईच. गावाने जी अक्षरं नाकारली ती पलटणीने दिली. आपल्या चळवळीची पहिली पाटी-पेन्सिल तिथली आहे.

गोपाळबाबांनी या अक्षरांचं सोनं केलं. १८८६ साली ते फौजेतून निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. दापोली हा इंग्रजांचा जुना कँप. तिथे पेन्शनर शिपायांची वस्ती होती. हे लोक देश फिरून आलेले, लढाया पाहिलेले. पण पलटणीचा कोट अंगातून उतरला की गावाच्या लेखी ते पुन्हा अस्पृश्यच. पेन्शनर सुभेदार असो की हवालदार, त्याच्या पोराला शाळेत आत बसू देत नसत. मुलांना शाळेत घ्यावं म्हणून १८९२ च्या सुमारास दापोलीच्या पेन्शनरांना अर्ज करावे लागले. मुलं बसली ती ओसरीवर. ज्याने सरकारचा मुलूख राखला त्याच्या पोराला सरकारी शाळेत ओसरी! हे दुःख गोपाळबाबांनी डोळ्यांनी पाहिलं.

दुसरा एखादा पेन्शन खात गप्प राहिला असता. गोपाळबाबांनी लेखणी उचलली. महात्मा जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचा त्यांच्यावर मोठा परिणाम होता. दीनबंधू आणि सुधारक यांसारख्या पत्रांतून ते लिहू लागले. दीनबंधू हे नाव आम्हा गिरणी कामगारांना विशेष जवळचं. ज्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली, तेच हे पत्र चालवीत. म्हणजे आमची रविवारची सुट्टी आणि गोपाळबाबांचे लेख एकाच छापखान्याच्या शाईतले, असं आम्ही नेहमी म्हणतो.

१८८८ साली त्यांनी विटाळ विध्वंसन ही पुस्तिका काढली. नावातच सगळं आलं. विटाळ कुठून आला, कुणी आणला, कोणत्या आधारावर तो चालतो, असे प्रश्न त्यांनी शास्त्री-पंडितांपुढे आणि पुढाऱ्यांपुढे ठेवले. रागाने शिव्या देणं सोपं असतं. गोपाळबाबांनी रीतसर प्रश्न विचारले आणि उत्तर मागितलं. आपल्या माणसाने छापील अक्षरांत जाब विचारणं हीच त्या काळी केवढी हिंमत! ते नुसते दुसऱ्यांना बोलून थांबले नाहीत. आपल्या लोकांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडावं, वाईट चाली टाकाव्यात, मुलांना शिकवावं, हेही ते कानीकपाळी ओरडून सांगत. पदं रचून सांगत, कारण आपली माणसं वाचणारी नव्हती, ऐकणारी होती. अनार्य दोष परिहारक मंडळी या नावाची संस्था त्यांनी काढली. अस्पृश्यांनी अस्पृश्यांसाठी उभारलेल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी ही एक.

आता मुख्य गोष्ट. १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची फौजेतली भरती बंद केली. इंग्रज सेनापतींच्या डोक्यात लढवय्या जातींचं खूळ शिरलं होतं. उत्तरेकडच्या काही जाती तेवढ्या शूर, बाकीच्या नालायक, असा त्यांचा हिशेब. शिवाय इतर शिपाई अस्पृश्यांच्या बरोबरीने राहायला कुरकुर करतात, हेही होतंच. ज्या एका वाटेने आपली माणसं माणसांत येत होती तीच वाट बुजली. पगार गेला, पेन्शन गेली, आणि मुलांची शाळाही गेली.

गोपाळबाबांनी तेव्हा मंडळीच्या वतीने १८९४ साली सरकारला एक लांबलचक विनंतीपत्र तयार केलं. त्यात त्यांनी भीक मागितली नाही. पूर्वजांचा दाखला दिला. आमचे बापजादे कुठे लढले, इमानाने कशी नोकरी केली, हे मांडलं. आम्ही मूळचे क्षत्रिय, दुर्गादेवीच्या दुष्काळात पोटासाठी नको ते खावं लागलं म्हणून आम्हाला खाली ढकललं, अशीही मांडणी त्यांनी केली. पुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचं मूळ वेगळ्या रीतीने, बौद्ध धम्माशी जोडून, अभ्यासाने दाखवलं. आज आपल्याला मान मिळवायला क्षत्रिय असण्याची गरज वाटत नाही. पण म्हणून गोपाळबाबांना नावं ठेवायची नाहीत. अंधारात चाचपडणाऱ्याच्या हाती जी काडी होती ती त्याने पेटवली. आपली अवस्था देवाने केलेली नाही, माणसाने केलेली आहे आणि म्हणून ती मोडता येते, हे त्यांनी ओळखलं होतं. तेच महत्त्वाचं.

त्या विनंतीला यश आलं नाही. भरतीचं दार बंद ते बंदच राहिलं. रामजी सुभेदारांनीही या बंदीविरुद्ध खटपट केली. १८९५ साली गोपाळबाबांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली. अस्पृश्य माणूस आपल्या शेजारी बसणार म्हणून उच्चवर्णीय सभासद नाराज झाले. गोपाळबाबा डगमगले नाहीत. १९०० साली रावढळ या आपल्या गावीच त्यांचं निधन झालं. हातात घेतलेलं काम तडीला गेलेलं त्यांना पाहायला मिळालं नाही.

पण बी वाया गेलं नव्हतं. १९१० साली पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी भरतीसाठी थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज पोचवला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा सरकारला आपली आठवण झाली. १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली आणि गरज सरल्यावर १९२१ पर्यंत मोडलीही. शेवटी बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, ती आजही देशाच्या सीमेवर उभी आहे.

आणि महाड! २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी घेतलं, ते गोपाळबाबांच्या रावढळच्या कुशीतच. त्या परिषदेमागे दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे आणि या भागातले पलटणीचे पेन्शनर होते. गोपाळबाबांनी पेरलेल्या जमिनीतच हे पीक आलं. त्याच वर्षी डिसेंबरात सत्याग्रह परिषदेला येताना बाबासाहेब पद्मावती आगबोटीने आपल्या हरिहरेश्वरला उतरले, तिथे मुक्काम करून पुढे बोटीने २५ डिसेंबरला दासगावला पोचले. आपला हा मुलूख तेव्हा जंजिऱ्याच्या नबाबाचा. तरी इतिहास आपल्या किनाऱ्याला पाय लावून गेला, हे आपल्या मुलांना माहीत असलं पाहिजे.

आता माग कसा काढायचा? आम्हाला उमगलं ते सांगतो. पहिली गोष्ट नावाची. जुन्या कागदात आपलं आजचं आडनाव सापडणार नाही. तिथे स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि शेवटी नाक एवढंच असेल. आडनावं मागाहून लागली, बरीचशी गावावरून. तेव्हा पूर्वजाचं पाळण्यातलं नाव आणि मूळ गाव आधी म्हाताऱ्यांना विचारून लिहून घ्या. दुसरी गोष्ट, घरातली पेटी, फळी, माळा धुंडाळा. पेन्शनीचा कागद, डिस्चार्जचा कागद, बिल्ला, जे असेल ते जपा. बिल्ल्याच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असू शकते. ते घासूनपुसून काढू नका, आधी उतरवून घ्या. तिसरं, मुंबईच्या पुराभिलेखागारात मुंबई इलाख्याचे जुने कागद आहेत, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत फौजेचे दस्तऐवज आहेत. तिथे साहेबांची माहिती मुबलक आणि शिपायाची थोडी, हे ध्यानात ठेवूनच जावं.

याचं एक उदाहरण देतो. मुंबईत बोरीबंदरजवळ वॉडबी रोड होता, आता हजारीमल सोमाणी मार्ग म्हणतात. आम्ही त्या रस्त्याने किती वेळा मोर्चात चाललो असू! अफगाणिस्तानच्या लढाईत १६ एप्रिल १८८० रोजी दब्राईच्या ठाण्यावर एकोणिसाव्या मुंबई पायदळाचा मेजर वॉडबी पडला, त्याच्या नावाने तो रस्ता. पण त्याच्यासोबत दोन शिपाईही लढता लढता पडले. एक इलाही बक्ष आणि दुसरा सोननाक तननाक. रस्ता साहेबाच्या नावाचा झाला. सोननाकचं नाव ज्याने नाक ही खूण ओळखली त्यालाच कळलं. त्याचं घर कोणत्या गावात होतं, त्याच्या पोराबाळांना पुढे कुणी विचारलं का, असं मनात येतं आणि आजीचा तो बिल्ला डोळ्यांपुढे येतो.

काही तरुण आम्हाला विचारतात, इंग्रजांच्या चाकरीचा अभिमान कशाला? प्रश्न बरोबर आहे. अभिमान चाकरीचा नाही. ज्याला गावाने माणूस मानलं नाही त्याने संधी मिळताच आपण कुणाहून कमी नाही हे दाखवलं आणि घरी परतताना बंदुकीऐवजी अक्षरं घेऊन आला, त्याचा अभिमान आहे. गोपाळबाबांनी पूर्वज शोधले ते मिरवायला नव्हे, पुढच्या पिढीचं दार उघडायला. तथागतांनी माणूस जन्माने नव्हे तर कर्माने श्रेष्ठ ठरतो असं शिकवलं. पूर्वजांचं कर्म शोधायचं ते याच अर्थाने.

म्हणून विहाराच्या कमिटीला आमची एक सूचना आहे. एक जाड वही विहारात ठेवावी. बोर्लीतल्या आणि मुंबईला राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने त्यात आपल्या घरातला पलटणीतला, गिरणीतला, गोदीतला जुना माणूस, त्याचं नाव, गाव आणि आठवेल ते लिहावं. आजी-आजोबा आहेत तोवरच हे होईल. आमच्या पणजोबांचं नाव आम्हाला आजही ठाऊक नाही. वहीतली पहिली ओळ आम्ही कोरीच ठेवणार आहोत. कुणा वडीलधाऱ्याला ते नाव आठवलं तर त्याने ते तिथे भरावं, आम्ही जन्मभर ऋणी राहू.

हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.

जय भीम! नमो बुद्धाय!