फॅरेडेची गुरुदक्षिणा

स्नेहमेळाव्यासाठी आपल्या जुन्या शिक्षकांचे पत्ते शोधताना मला सारखा मायकेल फॅरेडे आठवत होता.

जन्म १७९१चा, लंडनलगतचा. वडील लोहार. शाळा लिहिण्यावाचण्यापुरतीच झाली. मग पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचून काढी. त्यांतच रसायनशास्त्रावरचं एक पुस्तक हाती लागलं. त्यात एक बाई दोन मुलींना गप्पांमधून विषय समजावतात. लेखिका जेन मार्सेट, पण पुस्तकावर त्यांचं नावच नव्हतं. फॅरेडेने त्यातले प्रयोग, खिशाला परवडतील तेवढे, स्वतः करून पाहिले. ते खरे निघाले, आणि मुलगा कायमचा विज्ञानाचा झाला.

पुढचं आपण दहावीला घोकलंय : डेव्हीचा मदतनीस, १८३१ मधलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन. त्याचं गणित मात्र शेवटपर्यंत कच्चं होतं, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आमच्या मागच्या बाकाला केवढा धीर आला असता!

नाव झाल्यावर त्याची मार्सेटबाईंशी ओळख झाली. मग आपले शोधनिबंध तो त्यांना कृतज्ञतेने भेट पाठवी. १८५८ मध्ये बाई वारल्या. तेव्हा सदुसष्टाव्या वर्षी त्याने एका मित्राला पत्र लिहून हे ऋण सविस्तर सांगितलं.

आपल्या यादीतले तीन पत्ते अजून मिळालेले नाहीत.