दासोपंतांची पासोडी : ४०० वर्षांपूर्वीचा अभ्यासाचा तक्ता

जपानी शिकताय आणि भिंतीवर कांजीचे तक्ते चिकटवलेत? मग अंबाजोगाईचे दासोपंत तुम्हाला जवळचे वाटतील.

जन्म १५५१चा, नारायणपेठचा. वडील देशपांडे. सारा थकला म्हणून लहानग्या दासोपंतांना बिदरच्या दरबारात ओलीस ठेवलं होतं, अशी आख्यायिका आहे. पुढे घर सोडून ते दत्तभक्तीत रमले, अंबाजोगाईत स्थिरावले आणि लिहीतच राहिले. एकट्या 'गीतार्णवा'च्याच ओव्या सव्वा लाख सांगतात! रोज ढबू पैशाची शाई संपायची म्हणे.

पण कमाल पासोडीची. पासोडी म्हणजे पांघरायचं जाडंभरडं कापड. ही सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद. त्यावर लिहिलंय पंचीकरण, म्हणजे पाच महाभूतं एकमेकांत मिसळून सृष्टी कशी घडते ते. प्रत्येकात निम्मा भाग स्वतःचा, उरलेल्या निम्म्यात बाकी चौघांचा आठवा-आठवा हिस्सा. नुसतं ऐकून हे डोक्यात राहणं कठीणच. पंतांनी ओव्यांना आकृत्यांची जोड दिली. पोथीची पानं उलटत बसावी लागतात. पासोडी पसरली की अख्खा विषय समोर.

पंत १६१५ साली गेले. पासोडी अजून अंबाजोगाईत आहे.