स्वतःला मिळणारे दीड लाख विद्यापीठाला दिले, मग देशभरातल्या वैज्ञानिकांसाठी पैसा उभा केला : शांती स्वरूप भटनागर यांची गोष्ट

रावळपिंडीच्या भागात तेलाच्या विहिरी खोदणारी अटक ऑइल कंपनी एका विचित्र अडचणीत सापडली होती. विहीर खोदताना ड्रिल नीट चालावं म्हणून भोकात पातळ चिखल सोडतात. पण जमिनीतल्या मिठाशी संबंध आला की हा चिखल घट्ट व्हायचा आणि मग दगडासारखा कडक. काम जागेवर ठप्प.

कंपनीने लाहोरच्या पंजाब विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाला गाठलं. त्याने सुचवलेला उपाय अगदी साधा होता. चिखलात देशी डिंक मिसळा. डिंकामुळे चिखल पातळ राहिला आणि मिठाचाही त्याच्यावर फारसा परिणाम होईना.

या कंपनीशी संबंधित लंडनची स्टील ब्रदर्स कंपनी इतकी खूश झाली, की पेट्रोलियमवरच्या संशोधनासाठी तिने या प्राध्यापकाला दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळात ही रक्कम केवढी मोठी होती, याचा अंदाज करा.

प्राध्यापकाने पैसे नाकारले नाहीत, पण स्वतःकडेही घेतले नाहीत. रक्कम विद्यापीठाकडे द्यायला लावली आणि त्यातून पेट्रोलियम संशोधनाचा विभाग उभा केला. विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. त्यांनी मेणाचा वास घालवण्यापासून रॉकेलची ज्योत मोठी करण्यापर्यंतच्या प्रश्नांवर काम केलं. कामं दिसायला लागल्यावर कंपनीने रक्कमही वाढवली आणि मुदतही पाच वर्षांवरून दहा वर्षं केली.

या प्राध्यापकाचं नाव शांती स्वरूप भटनागर. विज्ञान पुरस्कार जाहीर झाले की आजही हे नाव बातम्यांमध्ये येतं. पण त्यांचं सगळ्यात मोठं काम फक्त प्रयोगशाळेत झालेलं नाही. वैज्ञानिकांसाठी पैसा कुठून आणायचा, कोणाकडे मागायचा आणि कसा मागायचा, हे त्यांनी दाखवून दिलं. आज या कामाला रिसर्च मॅनेजमेंट म्हणतात.

आजोबांच्या घरी लागली गोडी

भटनागर यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ चा, आताच्या पाकिस्तानातल्या भेरा गावचा. ते आठ महिन्यांचे असताना वडील वारले. मग ते वाढले आईच्या माहेरी, उत्तर प्रदेशातल्या सिकंदराबादला. आजोबा इंजिनिअर होते आणि विज्ञानाची गोडी नातवाला तिथेच लागली. सोबत उर्दू साहित्याचीही लागली, ती आयुष्यभर टिकली. बनारस हिंदू विद्यापीठाचं कुलगीत त्यांनीच लिहिलेलं आहे.

लाहोरमध्ये शिक्षण झाल्यावर दयाल सिंग ट्रस्टची शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेला निघाले. पण महायुद्धानंतरच्या गडबडीत लंडनहून पुढे जायला जहाजात जागाच मिळेना. ट्रस्टने परवानगी दिली आणि ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्येच थांबले. १९२१ मध्ये डी.एस्सी. घेऊन परतले. तीन वर्षं बनारसला शिकवलं आणि १९२४ मध्ये लाहोर गाठलं. चुंबकीय रसायनशास्त्रात त्यांनी नाव कमावलं. के. एन. माथुर यांच्यासोबत या विषयावर पुस्तकही लिहिलं, ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झालं.

या संशोधनासोबतच ते कारखानदारांचे प्रश्नही सोडवत होते. सर गंगा राम यांच्यासाठी उसाच्या चिपाडापासून गुरांचं खाद्य करण्यावर काम केलं. कापड गिरण्या, तेल गिरण्या, पिठाच्या गिरण्या, सगळ्यांशी त्यांचं बोलणं असायचं.

इथेच एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. वैज्ञानिकाला एखादा प्रश्न का महत्त्वाचा वाटतो आणि पैसे देणाऱ्याला तो का महत्त्वाचा वाटतो, ही दोन वेगळी उत्तरं असतात. मधला माणूस लागतो तो ही दोन उत्तरं एकमेकांना समजावून सांगायला.

सरकारकडून पैसे कसे मिळवले?

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि इंग्लंडहून येणारा माल आटला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात रामस्वामी मुदलियार होते. त्यांच्या पुढाकाराने १ एप्रिल १९४० ला वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन मंडळ सुरू झालं. मुदत दोन वर्षं, वर्षाचं बजेट ५ लाख रुपये. मुदलियार अध्यक्ष, तर संचालक म्हणून भटनागर.

रक्कम तुटपुंजी होती आणि दोन वर्षांनी मंडळ बंदही होऊ शकत होतं. त्यामुळे भटनागर यांनी लगेच मोठा आकडा मागितला नाही. आधी हातात दाखवता येईल असं काहीतरी उभं केलं. वनस्पती तेलांपासून वंगण, गणवेशांसाठी रंग, विषारी वायूपासून बचाव करणारं कापड, टाकाऊ मालापासून प्लास्टिक. युद्धात अडकलेल्या सरकारला हे हवंच होतं.

दुसरी चाल त्याहून महत्त्वाची. प्रयोगशाळेत तयार झालेली पद्धत कारखान्यापर्यंत पोहोचली नाही, तर पुढच्या वर्षी पैसे का द्यायचे, असा प्रश्न येणारच होता. म्हणून १९४१ च्या सुरुवातीला त्यांनी सरकारकडून एक वेगळी समिती करून घेतली. कारखानदारांनी या पद्धती वापरायच्या, बदल्यात रॉयल्टी द्यायची आणि हा पैसा पुन्हा संशोधनातच घालायचा. म्हणजे संशोधन हा नुसता खर्च नाही, त्यातून परतावाही येतो, हे हिशोबाने दाखवता आलं.

आता मोठा आकडा मागायची वेळ आली होती. १४ नोव्हेंबर १९४१ ला दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळाने औद्योगिक संशोधन निधीला मान्यता दिली. वर्षाला १० लाख रुपये, तेही पाच वर्षांसाठी. हा निधी सांभाळायला २६ सप्टेंबर १९४२ ला एक स्वायत्त संस्था उभी राहिली. तिलाच आपण आज सीएसआयआर म्हणून ओळखतो.

देशभरातल्या विद्यापीठांमधल्या वैज्ञानिकांना आता एक दार मिळालं. संशोधनाची योजना पाठवायची, त्या विषयातल्या जाणकारांनी ती तपासायची आणि पटली तर अनुदान. संशोधकाला प्रत्येक वेळी एखादा राजा किंवा शेठजी शोधायची गरज उरली नाही.

पुण्यापर्यंत आलेली साखळी

१९४३ मध्ये राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या योजनेला मंजुरी मिळाली. रसायन, भौतिकी, धातू, इंधन आणि काच, अशा पाच. सरकारकडून साधारण १ कोटी रुपये आले. पण भटनागर तेवढ्यावर थांबले नाहीत. टाटा उद्योगसमूहाकडून २० लाखांची देणगी मिळाली.

त्यातूनच पुण्यात पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी राहिली, म्हणजे आपली एनसीएल. ३ जानेवारी १९५० ला पंतप्रधान नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. स्वातंत्र्यानंतर नेहरूंचा पाठिंबा मिळाला आणि कामाला वेग आला. भटनागर गेले तोवर अशा डझनभर प्रयोगशाळा झाल्या होत्या.

पण सगळे खूश नव्हते

भटनागर यांनी कंपनीचे पैसे स्वतःला न घेता विद्यापीठाला दिले, तेव्हा १९३४ मध्ये मेघनाद साहा यांनी पत्र लिहून त्यांचं कौतुक केलं होतं. पुढे हेच साहा त्यांच्या धोरणांचे कडक टीकाकार झाले. सी. व्ही. रामन यांचाही या प्रयोगशाळांना विरोध होता.

टीकेचा मुद्दा बिनबुडाचा नव्हता. पैसा आणि चांगली माणसं सरकारी प्रयोगशाळांकडे वळली, तर विद्यापीठांचं काय? नवे वैज्ञानिक घडतात ते विद्यापीठात. तिथल्याच प्रयोगशाळा रिकाम्या राहिल्या, तर पुढची पिढी कुठून येणार? लाहोरमध्ये भटनागर यांनी नेमकं उलट केलं होतं. बाहेरचा पैसा विद्यापीठात आणून त्यातून विद्यार्थी घडवले होते.

सरकारी पैशाची हीच अडचण असते. तो मोठा असतो, पण तो कुठे जाणार हे थोडीच माणसं ठरवतात. भटनागर यांचा शब्द सरकारदरबारी चालायचा, म्हणून कामं झपाट्याने झाली. आणि म्हणूनच त्यांच्या निर्णयातली चूकही साऱ्या देशाला भोगावी लागण्याचा धोका होता.

१९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणजे यूजीसी सुरू झाली. पहिले अध्यक्ष होते भटनागर. विद्यापीठांकडे पैसा वळवायची संधी आता त्यांच्याच हातात आली होती. पण वेळ मिळाला जेमतेम एक वर्ष. १ जानेवारी १९५५ ला हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. ते ६० वर्षांचे होते.

पुढे सीएसआयआरने त्यांच्या नावाने तरुण वैज्ञानिकांसाठी पुरस्कार सुरू केला. २०२४ पासून तो राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांचा भाग आहे आणि त्यात भटनागर यांचं नाव कायम ठेवलं आहे. सीएसआयआरच्या प्रयोगशाळा आज तीसहून जास्त आहेत. विद्यापीठातल्या प्रयोगशाळेला पैसा कुठून आणायचा, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.