तूरिनचे लाग्रांझ

गणिती झोझेफ ल्वी लाग्रांझ यांचा जन्म २५ जानेवारी १७३६ रोजी आजच्या इटलीतील तूरिन येथे झाला. १७६६ मध्ये ऑयलर यांच्या रिकाम्या झालेल्या जागी ते बर्लिनच्या अकादमीत गेले. तूरिनला परतून स्थायिक होणे पुढे त्यांच्या नशिबी नव्हते.

बर्लिनच्या वीस वर्षांत त्यांनी आंशिक अवकल समीकरणांची घडी बसविली. वाचकांनी एकाच प्रतलावर केंद्रे असलेले, समान त्रिज्येचे असंख्य गोल कल्पावेत. केंद्राचे दोन निर्देशक हे दोन स्वेच्छ स्थिरांक. दोन्ही दिशांनी अवकलन करून त्यांचे निरसन केले, की उरणारे समीकरण एका गोलाचे न राहता साऱ्या कुळाचे होते. केंद्रे एखाद्या वक्रावर बांधली, तर एक स्थिरांक दुसऱ्याचे स्वेच्छ फलन बनतो, आणि गोलांना वेढणारी नळीही तेच समीकरण पाळते. इतकेच काय, साऱ्या गोलांना वरून स्पर्श करणारे सपाट प्रतलही! ते गोल नाही, नळी नाही. तरी त्याच कुळात मोडते. आम्हांस तर हेच त्यांचे सर्वांत देखणे काम वाटते.

१७८३ मध्ये पत्नी वारली. १७८७ मध्ये ते पॅरिसला गेले. १७९३ मध्ये परकीयांच्या अटकेचा हुकूम सुटला, तेव्हा रसायनज्ञ लव्हाझ्ये यांनी रदबदली करून त्यांना वाचविले. ८ मे १७९४ रोजी खुद्द लव्हाझ्ये यांचाच शिरच्छेद झाला. लाग्रांझ १० एप्रिल १८१३ रोजी पॅरिसमध्ये निवर्तले.