गव्हाचा गुन्हा शोधणारा डॉक्टर

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत खाचरांत भात आणि डोंगरउतारावर नाचणी-वरी, अशी पिकांची जुनी वाटणी आहे. त्यामुळे ताटातही भात आणि भाकरी. गहू हे इथले मुख्य अन्न नव्हते. सणासुदीला पुरणपोळी व्हायची, तेवढाच त्याचा मान. पुढे रेशनवर गहू मिळू लागला, चहाबरोबर बटर आणि खारी आली, मुलांच्या डब्यात पोळी आणि बिस्किटे आली. मुंबईत स्थिरावलेल्या चाकरमान्यांच्या घरी तर पोळी रोजचीच झाली. बहुतेकांना हा बदल सहज मानवतो. काही थोड्या माणसांच्या आतड्याला मात्र गहू सोसत नाही. या आजाराला सिलिअॅक म्हणतात आणि आज त्याचा माग रक्ताच्या एका तपासणीतून लागतो. पण मुळात यात दोष गव्हाचा आहे, हे एका डच बालरोगतज्ज्ञाने सिद्ध केले. त्यांचे नाव डॉ. विलेम कारेल डिके.

डिके यांचा जन्म 11 फेब्रुवारी 1905 रोजी नेदरलँड्समधील डोर्ड्रेख्ट या गावी झाला. लायडनला वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते द हेग शहरातील जुलियाना बालरुग्णालयात बालरोगांचे प्रशिक्षण घेऊ लागले. 1936 मध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते त्याच रुग्णालयाचे प्रमुख झाले.

त्या काळी सिलिअॅकचे मूल म्हणजे डॉक्टरांची कसोटी असे. पोट फुगलेले, हातपाय काडीसारखे, सतत पातळ, फेसाळ आणि दुर्गंधीयुक्त जुलाब, वाढ खुंटलेली, स्वभाव चिडचिडा. लंडनचे डॉ. सॅम्युएल गी यांनी 1888 मध्ये या आजाराचे नेमके वर्णन केले होते आणि उपचार झालाच तर तो आहारातूनच होईल, असा अंदाजही वर्तवला होता. पण कोणता आहार, हे कोणालाच ठाऊक नव्हते. न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास 1924 पासून अशा मुलांना भरपूर केळी देत आणि पाव व इतर धान्ये वर्ज्य करत. मुले सुधारत, आणि श्रेय केळ्याला मिळे. ताटात काय वाढले यापेक्षा ताटातून काय काढले याला महत्त्व आहे, हे लक्षात यायचे होते.

डिके यांचे लक्ष तिकडे वळले ते 1930 च्या दशकात. पाव बंद केला की आपले मूल बरे होते आणि पुन्हा दिला की बिघडते, असे एका आईचे निरीक्षण डच डॉक्टरांच्या वर्तुळात चर्चेत आले होते. डिके यांनी ते हसण्यावारी नेले नाही. त्यांनी आपल्या काही बालरुग्णांचा गहू बंद केला आणि वजन-उंचीच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. एकेका मुलाचा आलेख त्यांनी दीर्घकाळ ठेवला. गहू नसताना रेषा वर चढे. गहू परतला की ती अडखळे किंवा खाली येई. 1941 मध्ये त्यांनी डच वैद्यकीय नियतकालिकात या आहाराबद्दल पहिला लेख लिहिला. युद्ध सुरू होते, देश जर्मनांच्या ताब्यात होता, आणि या लेखाची जगाला दखल घेता आली नाही.

त्यानंतर 1944-45 चा हिवाळा आला. पश्चिम नेदरलँड्समधील शहरांचा अन्नपुरवठा तुटला. लोकांनी साखरबीट आणि ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. सुमारे वीस हजार माणसे दगावली. पाव जवळजवळ दिसेनासा झाला. अशा भुकेच्या दिवसांत सिलिअॅकची मुले मात्र सुधारली, आणि मदतीचा पाव आल्यावर पुन्हा आजारी पडली, अशी ही हकीकत नंतर जगभर सांगितली गेली. त्यातून डिके यांना शोध जणू दुष्काळाने आयता दिला, असा समज पसरला. तो बरोबर नाही. गव्हावरची शंका त्यांच्या मनात युद्धाच्या कितीतरी आधीपासून होती. दुष्काळाने तिला बळ दिले, एवढेच.

युद्धानंतर त्यांनी सबळ पुरावा गोळा केला. उट्रेख्टचे बालरोगतज्ज्ञ वायर्स आणि रसायनशास्त्रज्ञ फान दे कामर त्यांच्या सोबतीला होते. फान दे कामर यांनी विष्ठेतील चरबी मोजण्याची सोपी आणि खात्रीची पद्धत बसवली होती. आतडे अन्न नीट शोषत नसेल तर चरबी तशीच बाहेर पडते. मुलाच्या आहारात गहू घातला की हा आकडा वाढे, काढला की उतरे. भात, मका किंवा बटाटा दिला तर तसे होत नसे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गव्हातील निव्वळ पिष्टाने त्रास होत नव्हता. त्रास होत होता तो ग्लुटेन या प्रथिनामुळे. कणीक मळल्यावर जो चिवट ताण येतो, तो याच प्रथिनामुळे. डिके यांचा प्रबंध 1950 मध्ये उट्रेख्ट विद्यापीठात सादर झाला. 1952 मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला आणि शंकेला जागा उरली नाही.

या पुराव्याला एक किंमत होती. गव्हाचा दोष दाखवायचा तर बऱ्या होत असलेल्या मुलाला पुन्हा गहू द्यावा लागे आणि ते बिघडताना पाहावे लागे. दुसरे साधनच हाताशी नव्हते. 1957 मध्ये डिके उट्रेख्टला प्राध्यापक आणि तिथल्या विल्हेल्मिना बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. 27 एप्रिल 1962 रोजी, वयाच्या 57 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. रक्ताच्या चाचणीतून हा आजार ओळखता येईल, हे पाहायला ते राहिले नाहीत.

ती चाचणी ज्या गोष्टीवर उभी आहे ती अशी. सिलिअॅक ही साधी अॅलर्जी नव्हे. ग्लुटेन पोटात गेले की अशा व्यक्तीची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते आणि अन्न शोषणारे केसासारखे बारीक उंचवटे झिजतात. या लढाईत शरीर ट्रान्सग्लुटामिनेज नावाच्या आपल्याच एका विकराविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार करते. जर्मन संशोधकांनी 1997 मध्ये हे दाखवून दिले आणि टीटीजी-आयजीए ही चाचणी सर्वत्र रूढ झाली. काही लोकांच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असते. त्यांचा अहवाल फसवा येऊ नये म्हणून एकूण आयजीएही मोजतात. प्रतिपिंडे वाढलेली आढळली, तर बहुधा दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासून निदान पक्के करतात.

डिके यांना जी अडचण होती ती इथेही सुटलेली नाही. प्रतिपिंडे गव्हामुळे तयार होतात. गहू बंद केला की काही महिन्यांत ती उतरतात. कोणी सांगितले म्हणून आधी पोळी सोडली आणि मग रक्त दिले, तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. मग निदानासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली साधारण सहा आठवडे पुन्हा गहू खावा लागतो. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी तपासणी, मग पथ्य.

भात खाणाऱ्या मुलखाला याची काय गरज, असे वाटू शकते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील एका मोठ्या पाहणीत तेवीस हजारांहून अधिक प्रौढांचे रक्त तपासले गेले. ही प्रतिपिंडे उत्तरेत 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 टक्के आणि दक्षिणेत 0.10 टक्के लोकांत आढळली. आजाराला वाट करून देणारी जनुके मात्र तिन्हीकडे साधारण एक-तृतीयांश लोकांत होती. मोठा फरक होता तो गव्हाच्या प्रमाणात : उत्तरेत दिवसाला सरासरी 455 ग्रॅम, दक्षिणेत 25 ग्रॅम. या पाहणीत कोकण नव्हते. पण भाताच्या प्रदेशात जनुके नसतात असे नाही, हे तिने दाखवले. ताटात गहू वाढत असेल, तर हा आजार डॉक्टरांच्या आणि घरच्यांच्या ध्यानात असायला हवा.

कारण तो नेहमी जुलाब घेऊनच येतो असे नाही. लोहाच्या गोळ्या घेऊनही न हटणारा रक्तक्षय, वयाच्या मानाने खुंटलेली उंची, लांबलेली वयात येण्याची वेळ, ठिसूळ हाडे, सततचा थकवा, एवढ्याच खुणा असू शकतात. जंत, अपुरे खाणे किंवा अंगकाठीच तशी, म्हणून वर्षे निघून जातात. अशा वेळी ही चाचणी करावी का, हे डॉक्टरांना विचारावे. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला हा आजार असेल, तर अवश्य विचारावे.

निदान झालेच, तर उपचार डिके यांनी सांगितला तोच आहे. गहू आणि सातू आयुष्यभर बंद. रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किटे त्यातच आली. बाजारच्या बांधणीच्या हिंगातही गव्हाचे पीठ असते. तांदूळ, नाचणी, वरी, ज्वारी आणि बाजरी चालतात. मात्र गहू दळलेल्या गिरणीतच नाचणी दळली, तर पिठात गहू मिसळतो. धान्य घरच्या जात्यावर किंवा वेगळ्या यंत्रावर दळावे. द हेगच्या मुलांना जे पथ्य मोठ्या कष्टाने जमवावे लागले, त्याचा बराचसा भाग महाड-पोलादपूरच्या घरात आजीच्या हातचे नेहमीचे जेवण आहे. तिथे अवघड आहे ते पथ्य नव्हे, तर वेळेवर शंका येणे.