न भेटलेला भाऊ

१ ऑक्टोबर रोजी आपण बाळ येशूच्या संत तेरेजाचा सण साजरा करतो. तिचा जन्म १८७३ साली फ्रान्समध्ये झाला. ती चार वर्षांची असताना आई वारली. १५ व्या वर्षी ती लिझ्यूच्या कार्मेल मठात दाखल झाली.

१८९५ साली मोरिस बेलिएर या सेमिनरीतील तरुणाने मठाकडे प्रार्थनेची मदत मागितली. मदरनी त्याला तेरेजाच्या हाती सोपवले. मोरिसची आईही त्याच्या जन्मानंतर लगेच वारली होती. आपल्या पापांमुळे देव आपल्याला दूर लोटील, अशी त्याला भीती वाटे. तेरेजाला तर क्षयाने गाठले होते. स्वर्ग खरोखर आहे का, ही शंका तिला छळत होती. तरीही पत्रांतून ती त्याला देवाच्या दयेवर लेकरासारखा भरवसा ठेवायला शिकवत राहिली. तिलाही हवा असलेला मिशनरी भाऊ मिळाला.

२९ सप्टेंबर १८९७ रोजी मोरिस जहाजाने आफ्रिकेला निघाला. दुसऱ्याच दिवशी तेरेजा प्रभूघरी गेली. दोघांची भेट कधीच झाली नाही. मोरिस पुढे धर्मगुरू झाला व आजच्या मलावीत त्याने सेवा केली.

आपल्या धर्मग्रामातही कुणी एकटे, घाबरलेले असेल. या आठवड्यात त्यांची विचारपूस करू या, त्यांच्यासाठी प्रार्थना करू या.